बास्केटबॉलचे मैदान आणि मुलींचा रविवार



मी कामगार कायद्यांवर बोलावे, अशी चिटणीसांची अपेक्षा होती. तीस वर्षे त्याच घाण्याला जुंपलेला माणूस दुसरे काय बोलणार? म्हणून मी जेव्हा ‘आशियातील तरुण मुलींच्या बास्केटबॉल स्पर्धा’ असा विषय कळवला, तेव्हा त्यांनी विचारले, “भाऊ, विषय लिहिताना काही घोटाळा तर झाला नाही ना?” घोटाळा झालेला नाही. मी हा खेळ कधी खेळलो नाही. माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी संपले; पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या दारावरच्या सभांतून. तेव्हा खेळाचा जाणकार म्हणून मी येथे उभा नाही. एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि ती या मुलींच्या खेळामुळे कळली, ती सांगण्यासाठी उभा आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये संघटनेच्या कामासाठी मी बंगळूरला गेलो होतो. दुपारची बैठक पुढे ढकलली गेली आणि तिथला एक सहकारी मला श्री कंठीरव क्रीडागृहात घेऊन गेला. तिथे अठरा वर्षांखालील मुलींची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा चालू होती. आम्ही गेलो तेव्हा जपानच्या मुली सामन्यापूर्वीचा सराव करीत होत्या. उंचीने बऱ्याचजणी आपल्या मुलींसारख्याच. पण चेंडू एकीच्या हातात दोन क्षण राहील तर शपथ! एकीने धाव घेतली की दुसरी तिच्याकडे न बघताच चेंडू टाकी आणि तो बरोबर तिच्या हातात जाऊन पडे. एकाच यंत्रावर वर्षानुवर्षे जोडीने काम केलेली माणसे न बोलता एकमेकांचा हात ओळखतात, तसा तो प्रकार होता. कामगार चळवळीतल्या माणसाला सवय अशी की, कोणतेही काम पाहिले म्हणजे त्याला किती तास लागले असतील हे आधी मनात येते. मलाही तेच वाटले. सतरा वर्षांच्या या पोरींना इतके तास कोणी दिले?

माझे आजचे सारे भाषण या एका प्रश्नाभोवती आहे.

ज्यांना हा खेळ परिचयाचा नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने, हिवाळ्यात तरुणांना घराच्या आत खेळता यावे म्हणून, हा खेळ शोधून काढला. दहा फुटांवर फळांच्या टोपल्या टांगल्या आणि त्यांत चेंडू टाकायचा. टोपलीचे आज लोखंडी कडे झाले आहे, उंची मात्र तीच राहिली. मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. बाराजणींच्या संघातून एका वेळी पाचजणी खेळतात आणि खेळता खेळता पाळ्या बदलत राहतात. चेंडू हाती आल्यापासून २४ सेकंदांत फेक केलीच पाहिजे. एकटीने चेंडू धरून बसण्याची सोय या खेळात नाही.

मुली या खेळात पहिल्यापासून आहेत. सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने १८९२ मध्येच तो स्त्रियांच्या महाविद्यालयात नेला. तरी ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे बास्केटबॉल १९३६ साली आले आणि स्त्रियांचे १९७६ साली. मधली चाळीस वर्षे बायकांनी दाराबाहेर काढली. आशियाची हकीकत मात्र याबाबतीत थोडी अभिमानाची आहे. आशियाई स्त्रियांची अजिंक्यपद स्पर्धा १९६५ साली सेऊलला सुरू झाली आणि तरुण मुलींची १९७० साली, तीही सेऊललाच. म्हणजे ऑलिंपिकने स्त्रियांसाठी दार उघडले त्याच्या सहा वर्षे आधी आशियाने आपल्या शाळकरी वयाच्या मुलींना मैदान दिले होते. आज या स्पर्धेचे दोन विभाग आहेत. वरच्या विभागात तळाशी गेलेला संघ खाली येतो, खालच्यातला विजेता वर चढतो. २०१७ पासून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे संघही आशियाच्या स्पर्धांत येऊ लागले, त्यामुळे चढण अधिकच अवघड झाली आहे.

पण मैदान दिले म्हणजे सर्वांना मिळाले असे होत नाही. २०१४ सालच्या इंचॉन आशियाई खेळांत कतारच्या मुलींनी डोक्यावरचा रुमाल काढण्यास नकार दिला, आणि डोके झाकून खेळता येणार नाही हा नियम पुढे करून त्यांना खेळू दिले नाही. त्यांनी सामना सोडला. खेळाडूंनी अर्ज केले, सह्या गोळा केल्या, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा २०१७ मध्ये जागतिक संघटनेने तो नियम बदलला. रुमाल बांधावा की न बांधावा, हा वाद मी येथे काढीत नाही. बांधणाऱ्या मुलीने घरी बसावे, एवढाच त्या नियमाचा परिणाम होता. तिला घरात बसवू पाहणारे लोक आधीच पुष्कळ होते. नियमाने त्यांच्यात एकाची भर घातली.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. जपानच्या मुलींना तास कोणी दिले? बंगळूरहून परत आल्यावर मी वाचायला लागलो. तिथे शाळा सुटल्यावर शाळेतच खेळांची मंडळे चालतात आणि मुली त्यांत रोज संध्याकाळी सराव करतात. शाळा संपल्यावर काय, याचे उत्तर कारखान्यांनी आणि कंपन्यांनी दिलेले आहे. जपानी स्त्रियांच्या वरिष्ठ लीगमधले संघ बहुतांशी कंपन्यांचे आहेत: टोयोटा, डेन्सो, फुजित्सू, मित्सुबिशी इलेक्ट्रिक. २०२१ साली टोकियोत झालेल्या ऑलिंपिकमध्ये जपानच्या स्त्रियांनी रौप्यपदक मिळवले. अंतिम सामन्यात त्या अमेरिकेकडून ७५ विरुद्ध ९० अशा हरल्या. त्या संघातली रुई माचिदा ही फुजित्सूची खेळाडू. उंची अवघी १६२ सेंटिमीटर. तिने उपांत्य सामन्यात आपल्या सोबतिणींना अठरा वेळा असा चेंडू दिला की त्यांचे गुण झाले, आणि ऑलिंपिकचा विक्रम केला. एका सामन्यात कोणी किती गुण केले याचे विक्रम आपण नेहमी ऐकतो. दुसरीला गुण मिळवून देण्याचा विक्रम मला अधिक जवळचा वाटला.

कोरियाचेही तसेच. १९६७ साली प्राग येथील जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाचा संघ दुसरा आला आणि पार्क शिन-जा हिला सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला. ती एका बँकेच्या संघातून पुढे आलेली. आज तिथल्या स्त्रियांच्या लीगमधले सहाच्या सहा संघ बँकांचे, वित्तसंस्थांचे किंवा विमा कंपनीचे आहेत.

मित्रहो, यावरून मालकवर्गाचा जयजयकार करण्याचा माझा हेतू नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या जपानी मुली बहुतेक एकाच कापड कंपनीच्या नोकर होत्या. दिवसा काम आणि मग रात्री उशिरापर्यंत सराव, असा त्यांचा क्रम होता. कंपनीला त्यातून जाहिरात मिळाली. आणि मालकाने दिलेली वस्तू मालक काढूनही घेतो. कोरियात २०१८ साली एका विमा कंपनीने आपला संघ चालवणे बंद केले. मुली उघड्यावर आल्या असत्या. लीगने एक वर्ष तो संघ सांभाळला आणि २०१९ मध्ये बुसानच्या एका वित्तसंस्थेने घेतला म्हणून निभावले. मेहेरबानी आणि हक्क यांत फरक असतो तो हा. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. शाळा आणि नोकरी या दोन खांबांवर तिथल्या मुलींचा खेळ उभा आहे. खांब कोणाच्या मालकीचे असावेत हा वाद पुढचा. आधी खांब तर असू देत!

आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे मुख्य खांब एक, रेल्वेचा. केरळची गीतू ॲना जोस दक्षिण रेल्वेत नोकरी करीत भारताकडून खेळली आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक लीगच्या चाचणीपर्यंत पोहोचली. गुण आपल्या मुलींत नाहीत असे कोणी म्हणू नये. जुलै २०१७ मध्ये बंगळूरलाच आपल्या स्त्रियांनी कझाकस्तानला ७५ विरुद्ध ७३ असे हरवून आशियाई चषकाचा दुसरा विभाग जिंकला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, त्याच शहरात, आपल्या सोळा वर्षांखालील मुलींनीही आपल्या वयोगटाचा दुसरा विभाग जिंकला. पुण्याची शिरीन लिमये पुढे भारताची कर्णधार झाली. तेव्हा वर चढण्याची ताकद आहे. टिकण्याची नाही. २०२१ साली अम्मानला आपला वरिष्ठ संघ आठांत आठवा आला आणि पुन्हा खाली उतरला. एका आठवड्याची जिद्द विभाग जिंकून देते. विभागात टिकायला दहा वर्षांच्या संध्याकाळी लागतात, आणि त्या संध्याकाळी आपण मुलींना देत नाही.

‘आपण’ म्हणालो, त्यात मी आहे. आता जे सांगणार आहे ते सांगताना मला बरे वाटत नाही. पण न सांगता आपली रजा घेतली तर हे भाषण खोटे होईल.

आमच्या संघटनेत सफाईचे कंत्राटी काम करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांची मुलगी शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळे. पंधराव्या वर्षी तिला निवड शिबिराचे बोलावणे आले. शिबिर परगावी, आठ दिवसांचे. घरचे कोणीतरी बरोबर हवे. बाईंनी कंत्राटदाराकडे रजा मागितली. “जायचे तर जा, पण परत आल्यावर जागा असेलच असे नाही,” असे उत्तर मिळाले. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही एक शब्द टाका ना.” त्या वेळी बोनसची बोलणी चालू होती. मी म्हणालो, “ताई, आधी बोनसचे निस्तरू द्या. खेळाचे काय, शिबिर पुढच्या वर्षीही होईल.” हे मी कठोरपणाने बोललो नाही, अगदी आपुलकीने बोललो. त्यामुळेच त्यांना पुढे काही बोलता आले नसावे.

पुढच्या वर्षी मुलगी सोळाची झाली. धाकट्या भावाचे पाहायला घरी कोणी नव्हते. संध्याकाळचा स्वयंपाक तिच्याकडे आला. मग ती मैदानावर जाईनाशी झाली. आज ती कपड्यांच्या दुकानात काम करते, नऊ तास उभी असते. भेटली की हसून विचारपूस करते. तिला माझा राग नाही. राग असता तर मला बरे वाटले असते.

कंठीरव क्रीडागृहाच्या बाकावर बसून त्या मुलींचा खेळ पाहताना मला हीच मुलगी दिसत होती. तिला कोणी हरवले? कोणत्या देशाच्या संघाने? ती मैदानावर हरलीच नाही. आठ दिवसांच्या रजेपायी ती बाद झाली, आणि ती रजा मिळवून देणे हे ज्याचे काम, तो मी होतो.

आपल्या चळवळीचा इतिहास मी अनेकांना शिकवला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना १८८४ मध्ये उभी केली, आणि १० जून १८९० रोजी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भरलेल्या कामगारांच्या प्रचंड सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या. मी हे पाठ म्हणून दाखवीत असे. पण त्या दोघींनी मागितलेला रविवार त्यांच्या मुलींना मिळाला का, हा प्रश्न मला कधी सुचला नाही. कोणत्याही वस्तीत रविवारी सकाळी फेरी मारा. मैदान मुलग्यांनी भरलेले असते. मुली नळावर, नाहीतर चुलीपाशी. बापाला सुटी, भावाला सुटी, आणि त्या सुटीचे जास्तीचे काम मुलीच्या अंगावर. कामगाराचा रविवार आम्ही मिळवला. कामगाराच्या मुलीचा रविवार अजून कोणी मागितलेलाच नाही.

तो कसा मागायचा? माझ्यापुरते उत्तर मी शोधले आहे. आमच्या संघटनेने आता मागणीपत्रात एक कलम घातले आहे: ज्या कामगाराचे मूल, मुलगा असो वा मुलगी, खेळाच्या निवड शिबिरासाठी जाईल, त्याला वा तिला वर्षातून आठ दिवसांची भरपगारी रजा मिळावी. कायम कामगाराला आणि कंत्राटी कामगारालाही. पहिल्यांदा हे कलम वाचले गेले तेव्हा समोरची मंडळी हसली. आमच्यातलीही काही हसली. दोन ठिकाणी ते मान्य झाले आहे, बाकीच्या ठिकाणी होईल. पगारी सुट्यांनाही एके काळी लोक असेच हसत होते.

दुसरे, मैदानाचे. नगरपालिकेच्या आणि शाळांच्या मैदानांवर आठवड्यातल्या काही संध्याकाळी आणि रविवारची सकाळ मुलींसाठी राखून ठेवली पाहिजे. तिथे दिवा पाहिजे, पाणी पाहिजे आणि बंद होणारे दार असलेले शौचालय पाहिजे. पुष्कळ मुलींचा खेळ या शेवटच्या एका गोष्टीवाचून सुटतो.

तिसरे, नोकरीचे. महाराष्ट्र शासनाने खेळाडूंसाठी नोकऱ्यांत पाच टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. पण जागाच कंत्राटी होत गेल्या तर पाच टक्के कशाचे काढणार? म्हणून कायम नोकरीचा लढा हा खेळाडूंचाही लढा आहे. गुडघा दुखावला तरी जिची भाकर जात नाही तीच मुलगी निर्धास्तपणे उडी घेते.

एवढे झाले म्हणजे आपण जपानला हरवू काय? मला ठाऊक नाही, आणि खरे सांगायचे तर त्याची मला फारशी घाईही नाही. अठरा वर्षांखालील मुलींची आशियाई स्पर्धा दर दोन वर्षांनी भरत राहील. आपल्या बाराजणी तिथे जातील. त्या बाराजणींच्या मागे बारा हजारजणी मैदानावर घाम गाळून, गुडघे फोडून, हरून-जिंकून घरी आल्या असतील आणि घरी कोणी त्यांना “कुठे होतीस इतका वेळ?” असे विचारले नसेल, तर निकाल काहीही लागो, मी आपला संघ जिंकला असे समजेन.

येत्या रविवारी आपल्या घरातल्या मुलीला सकाळी दोन तास मोकळे द्या. तिचे काम आपण करा. चळवळीची सुरुवात अनेकदा एवढ्याशा गोष्टीपासून झाली आहे.