तू कधी गरीब होता बे?

आजचा एपिसोड म्हणजे माझ्याच एका जुन्या वाक्याची दुरुस्ती आहे.

काही एपिसोडांपूर्वी मी बोलता बोलता म्हणून गेलो होतो, "आम्ही गरिबीतूनच वर आलो." दोन दिवसांनी माझ्या शाळेतल्या मित्राचा फोन आला. तो पिकअप चालवतो, गावोगावचा कापूस जिनिंगला नेतो आणि गाडीत आपला पॉडकास्ट ऐकतो. हॅलो नाही, काही नाही. म्हणे, "तू कधी गरीब होता बे?"

मी हसलो. तो नाही हसला.

तर आधी दोन्ही घरं सांगतो. आम्ही आर्णी तालुक्यातल्या एकाच गावचे. माझे बाबा जिल्हा परिषद शाळेत गुरुजी, शिवाय आमची तीन एकर शेती. त्याच्या घरी सात एकर. सगळी कोरडवाहू, पऱ्हाटी आणि मधे तुरीच्या ओळी. गावाच्या नजरेत मोठं घर त्यांचं, सात एकरवाल्याचं. आमच्याकडे जुनी स्कूटर, त्यांच्याकडे बैलजोडी. पोळ्याला त्यांचे बैल सजायचे आणि मी बघत उभा राहायचो. म्हणून मला खरंच वाटायचं की आपण त्यांच्यापेक्षा गरीब.

सरकारला विचारलं तर सरकार काय सांगतं? तेही गमतीचं आहे. आपल्या राज्यात 1999 पासून तीन रंगांची रेशन कार्डं आहेत. पिवळं, केशरी, पांढरं. केशरी म्हणजे मधले लोक. पण यवतमाळसह 14 जिल्ह्यांत, जिथं शेतकरी आत्महत्या जास्त झाल्या, तिथं 2015 पासून केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांनाही 2 रुपये किलो गहू आणि 3 रुपये किलो तांदूळ देणं सुरू झालं. 2023 मध्ये धान्याऐवजी खात्यात पैसे द्यायचं ठरलं. म्हणजे इथला 'मधला' माणूस मधला नाही, हे सरकारनंच मान्य केलं.

आता ईडब्ल्यूएस बघा. 2019 पासून खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांना 10 टक्के आरक्षण आहे. अट काय? कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं आणि शेती 5 एकरांपेक्षा कमी हवी. आमची दोन्ही घरं खुल्या प्रवर्गातली धरा. बाबांचा पगार 8 लाखांच्या आत आणि शेती तीन एकर, म्हणजे मी 'दुर्बल'. मित्राकडे सात एकर, म्हणून तो बाहेर. विहिरीला पाणी आहे का, ओलीत होतं का, याचा त्या अटीशी काही संबंध नाही.

आणि आरटीई? खाजगी शाळेत 25 टक्के जागा. त्यात मागास प्रवर्गांना उत्पन्नाची अट नाही, पण दुर्बल घटकातून अर्ज करायचा तर मर्यादा वर्षाला 1 लाख. भागून बघा, अख्ख्या घराला दिवसाचे 274 रुपये होतात. एका कागदावर 8 लाखवाला दुर्बल, दुसऱ्यावर 1 लाखाच्या वर गेलं की संपलं. मी असं म्हणत नाही की हे कागद बिनकामाचे आहेत. रेषा कुठंतरी ओढावीच लागते. पण आमच्या दोन घरांतला खरा फरक यातल्या एकाही कागदावर दिसत नाही.

तो दिसला 2017 मध्ये.

आम्ही दोघांनी बारावी सायन्स केलं, दोघांनी नीट दिली. त्याला माझ्यापेक्षा बरेच जास्त मार्क होते. सरकारी कॉलेज मात्र दोघांनाही लागलं नाही. बाबांनी शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि मला नागपूरला पाठवलं. क्लास, रूम, मेस, पूर्ण एक वर्ष. दुसऱ्या वेळीही माझं काही झालं नाही बरं का! मग बी. फार्म. केलं. म्हणजे मी दोनदा पडलो आणि दोन्ही वेळा कोणीतरी खाली गादी टाकून ठेवली होती.

त्याच्या घरी त्या वर्षी कृषी केंद्राची उधारी होती आणि बहिणीचं लग्न ठरलेलं. त्याचे बाबा म्हणाले, "एक वर्ष थांबू, मग पाहू." तो बुटीबोरीला कंपनीत कंत्राटावर लागला. ते 'मग' कधी आलंच नाही.

फोनवर त्यानं एवढंच म्हटलं, "तुले दोन चान्स भेटले. मले एकच भेटला. मार्क त माहेच जास्त होते न?"

मंडळी, हे त्याला कुठून कळलं माहितीये? कापसातून. आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, कापूस दिवाळीच्या तोंडावर कोण विकतो. ज्याची उधारी अंगावर आलेली असते तो. घरात गंजी लावून भावाची वाट कोण बघतो? ज्याच्या घरी दुसरा पैसा येतो तो. 2021-22 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव 6,025 रुपये होता आणि पुढं बाजारात भाव 10,000 च्या वर गेला. ज्यांनी आधीच विकला होता, त्यांनी तो फक्त मोबाइलवर पाहिला. पुढच्या वर्षी अनेकांनी कापूस ठेवला, तर भाव उतरत गेला. पण पगारवाल्या घरी तो फक्त तोटा होता. उधारीवाल्या घरी त्याच तोट्यानं पोरीचं कॉलेज सुटलं.

शेती किती, घर स्लॅबचं की टिनाचं, दारात बाईक कोणती, हे सगळं मी आता दुसऱ्या नंबरवर टाकतो. पहिला प्रश्न हा की त्या घराला थांबता येतं का? पोरगं एकदा नापास झालं, आजारी पडलं, फॉर्मची तारीख चुकली, तर त्याचं पुढचं वर्ष त्याच्याच हातात राहतं का? श्रीमंती म्हणजे पोराला चूक करायला मिळालेली सवड. आमच्याकडे ती होती. महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पगारातून आलेली, आणि कोणता फॉर्म कधी निघतो हे माहीत असलेल्या बाबांकडून आलेली.

मुलींच्या बाबतीत ही सवड आणखी महाग होते. 2024 पासून आपल्या राज्यात 8 लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या, ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसी अशा प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. चांगलंच झालं. पण फी माफ होते ती प्रवेश लागल्यावर. प्रवेश न लागलेलं ते मधलं वर्ष कोण माफ करणार? त्या वर्षात घरी 'स्थळ' येतं.

म्हणून मला सरकारी वसतिगृहं फार मोलाची वाटतात. ज्या घराला थांबता येत नाही, त्या घरातल्या पोराला ती थोडी सवड उसनी देतात. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर समाजकल्याण आणि आदिवासी विकासच्या वसतिगृहांच्या अर्जाची तारीख त्याला नक्की कळवा. निदान तारीख माहीत नव्हती म्हणून कोणाचं वर्ष जायला नको.

तर दुरुस्ती अशी. आम्ही गरिबीतून वर आलो नाही. आमची ओढाताण होती, ती खरी. मेहनतही खरी. पण माझ्याकडे दुसरा चान्स होता, आणि त्याला मी इतकी वर्षं फक्त मेहनत म्हणत आलो.

मित्राला आता तीन वर्षांची मुलगी आहे. मी त्याला म्हटलं, "तिच्या शाळेचा आरटीईचा फॉर्म निघाला की सांग, मी येऊन भरून देतो."

तो म्हणाला, "फॉर्म त मी बी भरतो. पोरगी ज्या वर्षी नापास होईन, त्या वर्षी फोन उचलजो."

उचलीन, असं मी त्याला म्हटलंय. तुम्ही सगळे साक्षीदार आहात.

तुमच्या घरी कोणाला थांबता आलं आणि कोणाला नाही, व्हॉइस नोट पाठवून सांगा. नाव नाही सांगितलं तरी चालेल. भेटू पुढच्या एपिसोडला.