नव्या पडद्यावर मराठी आणि कन्नड

लिनक्स या संगणक प्रणालीच्या पडद्यावर खिडक्या दाखवण्याचं आणि दाबलेली कळ योग्य खिडकीपर्यंत पोहोचवण्याचं काम आजवर एक्स ही व्यवस्था करत आली. ती 1984 साली अमेरिकेतल्या एमआयटीत जन्मली. आता तिची जागा वेलँड घेत आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये आलेल्या उबुंटू या लिनक्सच्या आवृत्तीत तर एक्सचा पर्याय मुख्य डेस्कटॉपवरून काढूनच टाकला आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिणाऱ्या बेळगाव-निपाणी भागातल्या वापरकर्त्यांनी हा बदल स्वीकारावा, असं माझं स्पष्ट मत आहे. एक्समध्ये चालू असलेला कुठलाही प्रोग्राम दुसऱ्या खिडकीत दाबलेल्या कळा टिपू शकतो. ज्या ऑनलाइन सेवा केंद्रात एकाच यंत्रावर दिवसभर अनेकांचे आधार क्रमांक आणि पासवर्ड टाइप होतात, तिथे ही उघडी खिडकी परवडणारी नाही. वेलँडमध्ये प्रोग्रामला फक्त त्याच्या स्वतःच्या खिडकीतल्या कळा मिळतात.

पण चोराला अडवणारी हीच भिंत मदतनीसालाही अडवते, हा आक्षेप खरा आहे. अंधांना पडदा वाचून दाखवणाऱ्या ऑर्काला सगळ्या कळा ऐकाव्याच लागतात. वेलँडवर त्याच्या कळांची नीट सोय ग्नोम या डेस्कटॉपच्या मार्च 2025 मध्ये आलेल्या 48 व्या आवृत्तीत झाली. इतका उशीर व्हायला नको होता. आपल्याकडे मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिणाऱ्यांपैकी काहींचंही असंच अडतं. इन्स्क्रिप्ट ही कळांची मांडणी शिकलेल्यांना चिंता नाही: मराठीचा क ज्या कळेवर, त्याच कळेवर कन्नडचाही क, आणि दोन्ही मांडण्या वेलँडवर तशाच चालतात. रोमन अक्षरांतून टाइप करणाऱ्यांना आयबससारखं साधन लागतं. केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपवर ते व्हर्च्युअल कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन निवडावं लागतं. हे माहीत नसलं की मराठी उमटत नाही आणि दोष लिनक्सला लागतो.

जुन्या संगणकांचं काय, असंही विचारलं जातं. विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपल्यावर अशा यंत्रांवर लिनक्स घालण्याचा विचार अनेकांच्या मनात आहे. त्यांची कोंडी होत नाही. लिनक्स मिंटचा नेहमीचा डेस्कटॉप अजून एक्सवरच उघडतो, आणि एक्ससाठी लिहिलेले बहुतेक प्रोग्राम वेलँडवर एक्सवेलँड या दुव्याच्या आधाराने चालतात. म्हणून जुनी प्रणाली पुसण्याआधी नवी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा. दोन्ही लिप्यांत एकेक अर्ज टाइप करा, तो छापा, व्हिडिओ कॉलवर पडदा दाखवून बघा. यातलं काही अडलं, तर तूर्त एक्सवरच राहा आणि नेमकं काय अडलं ते प्रणाली बनवणाऱ्यांना लिहून कळवा.