पुरलेला ओढा

कॅनडातील टोरांटो शहरात गॅरिसन क्रीक नावाचा एक ओढा होता. तो आटला नाही, त्याने मार्गही बदलला नाही. त्याला जिवंतपणी पुरण्यात आले.

१७९३ साली लेफ्टनंट गव्हर्नर सिम्को यांनी या ओढ्याच्या मुखाशी, ओंटारिओ सरोवराच्या काठी, लष्करी तळ उभारला. त्यावरूनच ओढ्याला हे नाव पडले. भूमी मात्र मिसिसागा या मूळ रहिवाशांची होती. १८०५ च्या करारात त्या विस्तीर्ण प्रदेशापोटी त्यांच्या हाती दहा शिलिंग ठेवण्यात आले! कॅनडा सरकारने या व्यवहाराची भरपाई म्हणून साडेचौदा कोटी डॉलर मान्य केले ते २०१० साली. साम्राज्याचे हिशेब असे सावकाश चुकते होतात.

शहर वाढले तशी घराघरांतील घाण ओढ्यात येऊ लागली. १८३२ व १८३४ च्या कॉलऱ्याची दहशत लोक विसरले नव्हते. तेव्हा १८८० च्या दशकात नगरपालिकेने ओढा विटांच्या भुयारी गटारात कोंडला. पुढे दरी भरावाने बुजत गेली, भूखंड पडले, विकले गेले, घरे उठली. क्रॉफर्ड स्ट्रीटवरचा तीन कमानींचा काँक्रीटचा पूल तर १९६० च्या दशकात भुयारी रेल्वेसाठी खणलेल्या मातीखाली गाडला गेला. आजही तो तेथेच, जमिनीखाली उभा आहे.

दुर्गंधी नजरेआड झाली. परंतु गटाराचे तोंड सरोवराकडेच राहिले. ज्या सरोवरात मैला सोडायचा त्याच सरोवराचे पाणी नळाने घरोघर द्यायचे, अशी ही व्यवस्था! टायफॉइडने माणसे दगावू लागली तेव्हा, १९१० च्या सुमारास, पाण्यात क्लोरीन मिसळणे सुरू झाले. 

जुन्या टोरांटोत आजही बऱ्याच भागात मैला आणि पावसाचे पाणी एकाच नळातून वाहते. जोराचा पाऊस झाला की तो नळ भरून जातो आणि हे मिश्रण शुद्धीकरणाविना बाहेर पडते. ते अडवून साठवण्यासाठी शहराने सुमारे २२ किलोमीटर लांबीच्या बोगद्यांची योजना हाती घेतली आहे. बुजवलेल्या दरीतील भूखंडांचा नफा ज्यांनी घ्यायचा त्यांनी केव्हाच घेतला. बोगद्यांचा खर्च पाणीपट्टीतून वसूल होतो, आणि ती एका खोलीत राहणाऱ्या भाडेकरूच्या भाड्यातही मिसळलेली असते.