घर शेवटपर्यंत आपल्याच नावावर



आज ठेवींचे दर जरा बाजूला ठेवू आणि घराबद्दल बोलू. १९५५ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, १९५९ मध्ये पहिली भट्टी सुरू झाली, आणि पोटासाठी विदर्भातलीही माणसं इकडे आली. ड्यूटी होती तोवर सेक्टरमधलं क्वार्टर होतं. निवृत्तीनंतर फंडाच्या पैशांतून कुणी कोहक्यात दोन खोल्या बांधल्या, कुणी भाड्याने राहिलं. म्हातारपणी तेवढाच आधार.

मध्यंतरी एक मावशी पासबुक भरायला आल्या. दोन खोल्यांचं घर त्यांनी मुलाच्या नावे दानपत्र करून दिलं होतं आणि आता त्या बहिणीकडे राहत होत्या. "साहेब, घर माझंच आहे ना?" असं त्यांनी विचारलं. मी कागद वाचला. आईला सांभाळण्याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. त्यांना काय सांगावं, मला सुचेना.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. घर मुलांनाच द्यायचं असेल तर मृत्युपत्र करा. त्याला स्टॅम्प ड्यूटी लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात आणि ते केव्हाही बदलता येतं. ज्यांना घर मिळणार, त्यांना साक्षीदार करू नका. मृत्युपत्रात घर तुमच्या पश्चात जातं. दानपत्रात ते आजच जातं.

दुसरी. दानपत्र करायचंच असेल, तर "मला या घरात राहू द्यायचं आणि सांभाळायचं" ही अट कागदावर लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ सांगतं की अट मोडली तर असं दान रद्द करून घेता येतं. शेजारच्या मध्य प्रदेशात, छतरपूरच्या एका आईने मुलाला घर दिलं होतं आणि सांभाळण्याचं वचन लिहून घेतलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दान रद्द करून तिला घर परत दिलं. वचन लेखी होतं, म्हणून ते कोर्टात दाखवता आलं. घरात त्रास होत असेल तर १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर फोन करा. बायकांना जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्न पाहत नाहीत.

तिसरी. घर आहे, पण हातात पैसा नाही. अशा वेळी घाईने विकू नका. साठीनंतर राहत्या घरावर रिव्हर्स मॉर्गेज मिळू शकतं. यात हप्ता तुम्ही भरायचा नसतो, बँक तुम्हाला रक्कम देते आणि तुम्ही त्याच घरात राहता. नवरा-बायको दोघांच्या पश्चात वारस कर्ज फेडून घर ठेवू शकतात. नाही फेडलं तर बँक घर विकते आणि उरलेले पैसे वारसांना देते. मात्र व्याज साचत जातं, घराचा कर आणि दुरुस्ती तुमच्याकडेच राहते, आणि घराचे कागद स्वच्छ लागतात. प्रत्येक बँक हे कर्ज देतेच असं नाही. मुलांना समोर बसवून मगच ठरवा.

चौथी, भाड्याने राहणाऱ्यांसाठी. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला. त्या दराने ५ लाखांवर दर तिमाहीला १०,२५० रुपये मिळतात, म्हणजे महिन्याला साधारण ३,४०० रुपये. पैसे भरायच्या दिवशी चालू दर विचारून घ्या. भाड्याचा करार लेखी करा आणि भाडं खात्यातून द्या, म्हणजे पुरावा राहतो.

आज घरी गेल्यावर पेटी उघडा. रजिस्ट्रीचा कागद कुणाच्या नावावर आहे, नवऱ्याच्या पश्चात नामांतरण झालं का, यंदाच्या घरपट्टीची पावती आहे का, एवढं बघा. आणि कुणी "काही नाही, इथे सही कर" म्हणालं, तर कागद वाचून घेतल्याशिवाय अंगठाही देऊ नका. वाचता येत नसेल तर कागद घेऊन बँकेत या. त्याचे पैसे लागत नाहीत.