जुन्या जिपेचा सौदा

जुन्या जिपा घेऊन, दुरुस्त करून नफ्याने विकण्याचा उद्योग उधव्यातील आपले काही तरुण करू लागले आहेत. आम्ही त्याचे स्वागतच करतो. मात्र एक अनुभव सांगतो. आम्ही आमची जीप विश्वासावर विकली. घेणाऱ्याच्या नावावर केली नाही. पुढे तिला अपघात झाला आणि समन्स आले ते आमच्या दारी! १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीत ज्याचे नाव, तोच मालक. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. दादरा-नगर हवेलीची हद्द येथून जवळ. गाडी पलीकडे देताना ना-हरकत दाखला घ्यावाच. गंजावर रंग फासून मिळविलेला पैसा टिकत नाही, ज्ञातीचे नाव मात्र जाते. नफा अवश्य घ्यावा. पण कागद आणि चासी दोन्ही उघडी दाखवून.