जागलीवरची चार पुस्तकं

(जिल्हा मेळाव्यातील एका कार्यकर्त्याचं भाषण)



कापसाच्या भावावर बोलणारे वक्ते या व्यासपीठावर पुष्कळ आहेत. मला अध्यक्षांनी सांगितलं, तुम्ही वर्षभरात काय वाचलं ते सांगा. मागं काही जण हसले. हसा. दोन वर्षांपूर्वी मीही हसलो असतो.

मी वाचायला लागलो त्याचं कारण काही फार चांगलं नाही. मागच्या खरिपात पावसानं ऐन पात्या लागताना महिनाभर दडी मारली आणि आला तो वेचणीच्या तोंडावर. कापूस झाडावरच भिजला. सोसायटीचं कर्ज थकलं. मी सोसायटीवरून जाणारा रस्ता टाळायला लागलो. मग बैठकीला येणं टाळलं, मग घरात बोलणं. ज्वारीत रानडुकरं येतात म्हणून रात्री जागलीला जायचो, तेच मला बरं वाटायचं. तिथं विचारणारं कुणी नव्हतं.

माझ्या मुलीनं ते ओळखलं. तिनं तालुक्याच्या वाचनालयातून एक पुस्तक आणलं आणि भाकरीच्या फडक्यात बांधून दिलं. म्हणाली, "बाबा, झोप लागू नये म्हणून वाचा."

ते पुस्तक होतं महात्मा फुल्यांचं 'शेतकऱ्याचा असूड'. नाव आपण सगळेच घेतो. मीही भाषणात घेतलं आहे, न वाचता! पुस्तक 1883 सालचं. त्यात रडगाणं असेल असं मला वाटलं होतं. निघाला हिशेब. शेतसारा किती, नोकरशाही कशी, सावकार कसा, आणि उपाय काय. डोंगरावरचं पाणी नुसतं वाहून जातं, तर सरकारनं आपल्या लष्करातल्या आणि पोलिसातल्या फावल्या माणसांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पाणी शेतात मुरेल, असं जोतीराव सांगतात. भिंतीवर 'पाणी अडवा, पाणी जिरवा' रंगवलं गेलं ते त्यानंतर किती वर्षांनी! सकाळी उठून मी माझाच बांध पाहिला. दोन ठिकाणी फुटलेला. दोन उन्हाळे मी तिकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. सरकारनं काय करावं ते मी व्यासपीठावरून सांगत होतो, आणि माझी माती नाल्याला जात होती.

आणखी एक गोष्ट. हे पुस्तक पुरतं छापून निघण्याआधीच जोतीरावांनी ते पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवलं होतं. म्हणजे असूड आधी ऐकला गेला. ते कळल्यावर मी ठरवलं, पुढचं पुस्तक घरात मोठ्यानं वाचायचं.

पुढचं पुस्तक प्रेमचंदांचं 'गोदान'. मूळ हिंदी, 1936 सालचं. उन्हाळ्यात अंगणात रोज थोडं वाचायचो. आईला अक्षरओळख नाही, पण ती कापसाच्या सरक्या काढत ऐकायची. होरीची एवढीच इच्छा, की दारात एक गाय असावी. गाय येते, आणि सख्खा भाऊच तिला विष घालतो. पुढं पोरानं मन लावलेली मुलगी घरात घेतली म्हणून पंच दंड करतात, आणि होरी तो निमूट भरतो. खळ्यावरचं धान्य स्वतःच्या डोक्यावरून वाहून देतो. इथं आई चिडली. म्हणाली, "सावकारानं लुटलं ते कळतं. पण हा स्वतःच्या हातानं का देतो?" मी गप्प. थोरल्या मुलीच्या लग्नात मी मांडव केवढा घातला होता ते तिला ठाऊक होतं आणि मलाही. आपल्याला भाव मिळत नाही हे खरंच आहे. पण चारचौघांत मान राहावा म्हणून काढलेल्या कर्जाचं खातं आपण कुठं मांडतो? शेवटी होरी रस्त्याच्या कामावर उन्हात राबून मरतो. पुस्तक मिटल्यावर आईनं विचारलं, "मग कर्ज फिटलं का त्याचं?" नाही आई, नाही फिटलं.

तिसरं पुस्तक आपल्याच भागातलं. बुलढाणा जिल्ह्यातले सदानंद देशमुख यांचं 'बारोमास'. 2002 साली आलं, 2004 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकनाथ एम.ए. शिकलेला, पण नोकरीसाठी संस्थेला द्यायला पैसे नाहीत, म्हणून घरच्या कोरडवाहू शेतीत परततो. शिक्षण एकीकडं ओढतं, शेत दुसरीकडं, आणि घर मधे फाटत जातं. हे मला मोठ्यानं वाचवेना. एकट्यानंच वाचलं. परत करायला मुलीच्या हातात दिलं तेव्हा ती म्हणाली, "मी हे आधीच वाचलं होतं. म्हणून तर तुम्हाला पहिलं पुस्तक फडक्यात बांधून दिलं." यावर मला बोलता आलं नाही. भावांनो, आपण समजतो की घरात कुणाला काही कळत नाही. घरातल्या सगळ्यांना सगळं कळत असतं.

चौथं, बहिणाबाई चौधरींची गाणी. त्या खानदेशातल्या असोद्याच्या, जन्म 1880, मृत्यू 1951. पुस्तक निघालं 1952 साली. बाईंना लिहिता येत नव्हतं. पेरणी, खळं, जातं, सगळं तोंडातून येई आणि घरातल्यांनी टिपून ठेवलं म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. जे कुणी टिपलं नाही ते गेलं. मुलीनं आता एक वही केली आहे. तिच्यात आजीच्या ओव्या आहेत, आणि मागच्या पानांवर आमचा शेतीचा खर्च आहे. बियाणं, फवारणी, वेचणीची मजुरी, सगळं. दोन्ही आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

पुस्तकानं कर्ज फिटत नाही. माझंही फिटलेलं नाही. पण ती वही घेऊन मी सोसायटीत गेलो, सचिवासमोर बसलो आणि थकबाकीचं बोललो. नेहमीच्याच रस्त्यानं गेलो. कर्ज हा माझ्या एकट्याचा गुन्हा नाही, हे मला 1883 पासून 2002 पर्यंतच्या पुस्तकांनी सांगितलं. बांध फुटला तो मात्र माझा, तो या उन्हाळ्यात मी घातला.

आता माझं एकच मागणं. पुढच्या महिन्याच्या बैठकीत अर्धा तास वाचनाला ठेवा. 'असूडा'ची प्रत मी आणतो. पहिलं प्रकरण वाचून कोण दाखवणार, त्यानं आत्ताच हात वर करावा. आणि मायबहिणींनो, हात वर करायला तुम्ही पुरुषांची वाट पाहू नका.