वर्षाला किती पुस्तकं? : वाचनाचं टार्गेट, लांबलचक सिरीज आणि मराठीचा खण

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले काही शब्द तसेच ठेवलेत.)

आजच्या भागात पुस्तकांबद्दल बोलू या. त्यातही फँटसी आणि सायन्स फिक्शनबद्दल, आणि 'या वर्षी किती वाचायचं' या प्रश्नाबद्दल. हेडफोन लावून बसमध्ये असाल, मेट्रोत असाल किंवा भांडी घासत असाल, तर उत्तमच. आजचा विषय असाच हाताला काम असताना ऐकण्यासारखा आहे.

वर्ष सुरू झालं की आपल्या ओळखीतला कोणी ना कोणी स्क्रीनशॉट टाकतोच. 'या वर्षी ५० पुस्तकं', 'या वर्षी १००'. गुडरीड्ससारख्या अ‍ॅपवर आकडा टाकायचा, एक पुस्तक संपवलं की एक खूण. छान वाटतं ते. आकडा ठेवण्याला माझा विरोध नाहीये. माझा प्रश्न वेगळा आहे : आपण मोजतोय काय?

आयटीतली मंडळी हे लगेच ओळखतील. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९७५ मध्ये मांडलेला एक मुद्दा आपल्याकडे प्रत्येक रिव्ह्यू मीटिंगमध्ये आठवतो : एखादं माप हेच टार्गेट झालं की ते चांगलं माप राहत नाही. तुम्ही टीमला सांगा, 'जास्त बग बंद करा'. बग बंद होतील. सोपे बग आधी बंद होतील, अवघड तसेच पडून राहतील.

पुस्तकांचंही तेच. टार्गेट 'पुस्तकांची संख्या' असेल, तर दीडशे पानांचं पुस्तक एक आणि हजार पानांचंही एकच. मग हात आपोआप बारीक पुस्तकाकडे जातो. आणि फँटसी-सायफाय वाचणाऱ्याची इथेच पंचाईत होते, कारण आपली आवडती पुस्तकं म्हणजे विटा!

उदाहरण घ्या, 'द व्हील ऑफ टाइम'. मुख्य सिरीजची १४ पुस्तकं. पहिलं १९९० मध्ये आलं. लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेले, तेव्हा सिरीज अपुरी होती. त्यांनी मागे ठेवलेल्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी शेवटची तीन पुस्तकं लिहिली आणि २०१३ मध्ये ती पूर्ण झाली. सगळे मिळून साधारण ४४ लाख शब्द. मिनिटाला २५० शब्द या वेगानं वाचलं तरी जवळजवळ ३०० तास लागतात. रोज एक तास धरला, तर दहा महिने. म्हणजे अख्खं वर्ष एकाच सिरीजला दिलं तर अ‍ॅपवर आकडा दिसणार १४. आणि शेजारच्या डेस्कवरचा मित्र ६० वर असणार.

पण त्या दहा महिन्यांत जे होतं, ते ६० वेगवेगळ्या पुस्तकांत होत नाही. पहिल्या पुस्तकात गावाबाहेर न पडलेली पोरं शेवटच्या पुस्तकात राज्यं आणि सैन्यं हाकतात, आणि त्यांच्यातला बदल आपण दिवसागणिक पाहिलेला असतो. लांब सिरीजची खरी मजा तिथे मुक्काम करण्यात आहे. आपण तिथे राहायला जातो. अशा जगाला 'एक खूण' देणं म्हणजे वर्षभराच्या मुक्कामाला एका रात्रीच्या लॉजचं भाडं लावण्यासारखं आहे.

हा झाला पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा मला जास्त टोचतो.

संख्येचं टार्गेट मराठी वाचन गुपचूप मारतं. कसं, ते सांगतो. आपल्यातले अनेक जण इंग्रजी माध्यमातून शिकलेले. घरी मराठी, मित्रांशी मराठी, पण वाचायचं सगळं इंग्रजी. मराठी वाचतो ते व्हॉट्सअ‍ॅपवर आणि दुकानांच्या पाट्यांवर. माझ्यापुरता हिशेब मांडून पाहिला. इंग्रजी फँटसी तासाला ४० पानं होते. मराठी कादंबरी सुरुवातीला जेमतेम १८-२०. निम्मा वेग! आता वर्षाला ५० चा आकडा गाठायचा असेल, तर निम्म्या वेगानं जाणारं पुस्तक कोण उचलेल? कोणी मुद्दाम मराठी टाळत नाही. आकडाच ते टाळायला लावतो. आणि टाळलं की वेग आणखी कमी होतो.

यावर नेहमी येणारं उत्तर : 'पण मराठीत फँटसी-सायफाय आहेच कुठे?'

आहे. आणि चांगलंच जुनं आहे. पुण्यातच कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १९ व्या शतकात अरेबियन नाइट्स मराठीत आणायला घेतलं : 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी'. ते काम त्यांच्या हयातीत पूर्ण झालं नाही, पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि हरि कृष्ण दामले यांनी ते नेलं. लेखक गेल्यावर सिरीज दुसऱ्यानं पूर्ण करणं हा प्रकार जॉर्डन-सँडरसनच्या कितीतरी आधी इथे होऊन गेलाय!

मग भा. रा. भागवत. त्यांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत सफर', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही त्यांची पुस्तकं. आणि त्यांचा स्वतःचा बनेश फेणे, म्हणजे आपला फास्टर फेणे. फुरसुंगीचा पोरगा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवरून सुसाट जाणारा, 'ट्टॉक' करणारा. त्याची २० पुस्तकांची सिरीज आहे. ती फँटसी नाही, साहसकथा आहे, पण 'पुढचा भाग कुठाय?' ही भूक मराठीत लागते ती तिथेच. २०१७ चा अमेय वाघचा सिनेमा तुम्ही पाहिला असेल. पुस्तकं वेगळी आहेत, ती वाचाच.

मोठ्यांसाठी नारायण धारप. 'तुंबाड' पाहिलाय ना? त्या सिनेमामागची एक प्रेरणा धारपांची कथा. धारपांचा 'समर्थ' हा नायक अनेक पुस्तकांतून येतो, अघोरी शक्तींशी लढतो. आजच्या भाषेत सांगायचं तर रीतसर फँटसी सिरीज, आणि तीही वाड्यांच्या, आपल्या ओळखीच्या घरांच्या मराठीत.

आणि अर्थातच जयंत नारळीकर. त्यांचा सायफायमधला प्रवेशच एखाद्या कथेसारखा आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथा स्पर्धा घेतली. नारळीकर तेव्हा जगभर नाव झालेले शास्त्रज्ञ. आपलं नाव पाहून परीक्षकांवर दडपण यायला नको म्हणून त्यांनी कथा पाठवली 'नारायण विनायक जगताप' या नावानं. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली की ना. वि. ज. होतात! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा लिहून काढली पत्नी मंगलाताईंनी. कथेचं नाव 'कृष्णविवर'. पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी भाषणात या नव्या प्रकाराची दखल घेतली. १९८८ मध्ये नारळीकरांनी पुण्यात आयुका उभी केली, २०२१ च्या नाशिकच्या संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि २० मे २०२५ ला पुण्यातच त्यांचं निधन झालं.

नुसती यादी सांगून उपयोग नाही, म्हणून एक जोडी करून दाखवतो. आयझॅक असिमोव्हची 'फाउंडेशन' ही माझी सगळ्यांत आवडती सिरीज. त्यात हॅरी सेल्डन नावाचा गणितज्ञ म्हणतो की एक माणूस काय करेल हे सांगता येत नाही, पण अब्जावधी माणसांचा जमाव कुठे जाईल हे गणितानं सांगता येतं. म्हणजे इतिहास हा मोठा प्रवाह, त्यात एकट्यादुकट्याला किंमत नाही. मग सिरीजमध्ये म्यूल नावाचा एकच माणूस येतो आणि सगळं गणित बिघडवतो.

याच्या शेजारी नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ठेवा. तुमच्यातल्या सीबीएसईवाल्यांनी ती वाचलीय! अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकात 'द अ‍ॅडव्हेंचर' नावाचा धडा होता, तोच हा. इतिहासाचे एक पुणेकर प्राध्यापक अशा जगात जाऊन पडतात जिथे १७६१ ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलीय. का जिंकली? तर विश्वासरावांना लागणारी गोळी चाटून गेली, लागली नाही. बस्स, एवढंच. असिमोव्ह म्हणतो, प्रवाह बघा. नारळीकर म्हणतात, ती गोळी बघा. आणि हे तत्त्वज्ञान सांगताना पात्र कोण, तर ९९९ सभांचं अध्यक्षपद भूषवलेले गंगाधरपंत, जे रिकामी अध्यक्षीय खुर्ची दिसताच राहवत नाही म्हणून माइककडे धावतात आणि लोकांकडून टोमॅटो खातात. ही गंमत पुण्यात राहणाऱ्याला जशी कळते, तशी दुसऱ्या कोणाला कळेल?

म्हणून मला मराठी वाचन हवंय. 'भाषेची सेवा' वगैरे मोठ्या कारणासाठी नाही. मला दोन्ही पुस्तकं एकमेकांशी बोलताना ऐकायचीत. आणि शब्दांसाठी. 'ब्लॅक होल' म्हटलं की मला एक डायग्राम दिसतो. 'कृष्णविवर' म्हटलं की अंधारी गुहा दिसते. दीर्घिका, तेजोमेघ, प्रकाशवर्ष. थक्क व्हायला दोन भाषा असतील तर एकच का वापरायची?

आता एक तक्रार खरी आहे, ती मान्य करू. आपल्याकडे कथा भरपूर आहेत, पण मोठ्यांसाठी दहा-दहा भागांची, स्वतःचा नकाशा असलेली सिरीज सहजासहजी सापडत नाही. पण हे पाहा, 'फाउंडेशन' सुद्धा १९४० च्या दशकात मासिकात सुटसुटीत कथा म्हणूनच आली. पुस्तकं झाली १९५१ ते ५३ मध्ये. चीनमधली 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' आधी २००६ मध्ये एका सायफाय मासिकात क्रमशः छापून आली. इंग्रजीत २०१४ मध्ये आली आणि २०१५ मध्ये तिला ह्यूगो मिळालं. म्हणजे आधी कथा वाचणारे वाचक तयार झाले, मग सिरीज आल्या. आपण 'मराठीत सिरीज आली की वाचू' म्हणत बसलो, तर लिहिणारा कोणाच्या भरवशावर पाच भाग लिहायला घेईल?

तर या वर्षीचं माझं टार्गेट. चार नियम आहेत, घेण्यासारखं वाटलं तर घ्या.

एक. पुस्तकं मोजायची नाहीत, वेळ मोजायचा. रोज अर्धा तास. वर्षाचे साधारण १८० तास होतात. जाड-बारीक, मराठी-इंग्रजी सगळ्यांना सारखा न्याय. अर्धा तास कंपनीच्या बसमध्ये सहज निघतो, हिंजवडीच्या ट्रॅफिकची कृपा!

दोन. वर्षाला एकच मोठी सिरीज, आणि शक्यतो पूर्ण झालेली. 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'चा पाचवा भाग २०११ मध्ये आला आणि सहाव्याची वाट पाहणं हा आता वेगळाच छंद झालाय. तो ज्यांना परवडतो त्यांनी जोपासावा.

तीन. मराठीचा खण. इंग्रजीतला एक भाग संपला की पुढचा भाग लगेच सुरू करायचा नाही. मध्ये एक मराठी पुस्तक. भाषांतरही चालेल. टॉल्किनची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' नावानं मराठीत आणलीय. मूळ गोष्ट माहीत असेल तर असं भाषांतर मराठीचा वेग वाढवायला फार सोपं पडतं, कारण पुढे काय होणार याचं टेन्शन नसतं. वाक्यांची मजा घेता येते. माझा वेग तीन पुस्तकांनंतर तासाला ३० पानांवर आलाय. जोडाक्षरं अडतात त्यांनी ऑडिओबुक लावून सोबत पान धरावं. तेही वाचनच आहे.

चार. शंभर पानं देऊन पाहायची. नाही जमलं तर पुस्तक मिटायचं, अपराधी वाटून घ्यायचं नाही. वेळ मोजत असलो तर अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचे तासही जमेत धरता येतात.

पुस्तकं मिळवायची कुठे? नव्यांसाठी अप्पा बळवंत चौक आहेच. डिसेंबरमध्ये फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरायला लागलाय, २०२३ पासून. आणि दुकानात मिळत नाहीत अशा जुन्या पुस्तकांसाठी लायब्ररी : पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासून. एकदा जाऊन कपाटासमोर उभे राहा. शोधायला अ‍ॅप लागत नाही, काउंटरवर विचारलं तरी चालतं.

शेवटी एक काम देतो. तुमच्या सगळ्यांत आवडत्या सिरीजला एक मराठी जोडीदार शोधा. 'ड्यून'ला कोण? हॅरी पॉटरला कोण? मला कळवा. चांगल्या जोड्यांवर पुढचा भाग करू. सगळ्यांत जास्त जोड्या कोणाच्या, हे मात्र मी मोजणार नाहीये!

वाचत राहा, भेटू पुढच्या भागात.